हीथ्रो टर्मिनल २ ते टर्मिनल ५: ट्रेन फुकट आहे, कुणालाही पैसे देऊ नका

आधी कामाचं सांगतो, रडगाणं नंतर. लंडनच्या हीथ्रोवर एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलला जाणारी ट्रेन फुकट आहे. पूर्ण फुकट, आणि तीही दर थोड्या वेळाने. टर्मिनल २ आणि ३ चं स्टेशन एकच, तिथून ५ ला पोचायला पाचेक मिनिटं लागतात. ही एवढी ओळ आम्हाला निघायच्या आधी कुणी सांगितली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

झालं काय, तर मुंबईहून आमचं विमान टर्मिनल २ ला उतरणार होतं आणि पुढचं स्कॉटलंडमधल्या एडिनबरोचं विमान टर्मिनल ५ वरून. एजंटने दोन वेगवेगळी तिकिटं काढली, स्वस्त पडतंय म्हणून, आणि मधे पावणेतीन तास ठेवले. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब एकच एअरपोर्ट आहे हो, आणि तुमची इंटर टर्मिनल ट्रान्सफर मी पॅकेजमध्येच टाकलीय, माणूस नावाची पाटी घेऊन उभा असेल." त्या ट्रान्सफरचे साडेआठ हजार रुपये. आम्ही पाच जण, मी, बायको, मेव्हणा, त्याची बायको आणि आमचं नऊ वर्षांचं पोरगं. मोठी गाडी लागणार, वाटलं ठीक आहे.

आता हीथ्रो कसं आहे ते समजून घ्या म्हणजे पुढचा तमाशा कळेल. तिथे आज चालू टर्मिनल चारच, २, ३, ४ आणि ५. टर्मिनल १ २०१५ लाच बंद झालं, त्यामुळे जुन्या माहितीत १ दिसलं तर ती माहिती फेकून द्या. दोन समांतर धावपट्ट्या आहेत, त्यांच्या मधोमध २ आणि ३, त्याच पट्ट्यात पण पार पश्चिमेच्या टोकाला ५, आणि दक्षिणेच्या धावपट्टीच्या पलीकडे एकटं पडलेलं ४. म्हणजे २ वरून ५ ला गाडीने जायचं तर आधी उत्तरेच्या धावपट्टीखालच्या बोगद्यातून एअरपोर्टच्या बाहेर पडायचं, मग वळसा घालून ५ च्या रस्त्याला लागायचं. ट्रेन जमिनीखालून सरळ जाते. जी ट्रेन फुकट आहे ती लवकर पोचते आणि ज्या गाडीचे पैसे आहेत ती ट्रॅफिकमध्ये अडकते, असा सगळा उलटा कारभार.

त्यात इमिग्रेशन. भारतीय पासपोर्टला ई-गेट, म्हणजे पासपोर्ट स्कॅन करून आपोआप उघडणारं फाटक, चालत नाही, ब्रिटिश, युरोपियन, अमेरिकन, जपानी वगैरे लोक टकाटक निघून जातात आणि आपण दुसऱ्या लाईनीत. लांबची तीन-चार विमानं एकदम उतरली की ही लाईन तास-सव्वा तास सहज खाते आणि कुणी काही करू शकत नाही, कुरकुर करून उपयोग नाही. विमानात लँडिंग कार्ड भरायला मागू नका, ते २०१९ लाच बंद झालंय. हॉटेलचा पत्ता, परतीचं तिकीट आणि पुढचं बुकिंग फोनमध्ये ऑफलाइन ठेवा, प्रश्न साधेच असतात.

आम्हाला सव्वा तास लागला. बॅगा घेऊन बाहेर आलो तर पाटीवाला माणूस होता, अगदी सभ्य, आणि त्याचं पहिलं वाक्य, "बहुत लेट कर दिया जी, वेटिंग चालू हो गया." मला वाटलं गंमत करतोय. गाडी पार्किंगमध्ये, कारण हीथ्रोवर गाडीवाल्याला टर्मिनलच्या दारात उभं राहून पॅसेंजर घेता येत नाही, शॉर्ट स्टे पार्किंगमध्येच घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे मिनिटांच्या हिशोबाने चढत जातात. बऱ्याच कॅब कंपन्यांचं फुकट वेटिंग विमान उतरल्यापासून मोजायला सुरुवात होते, तुम्ही बाहेर आल्यापासून नाही. हे एजंटच्या कागदावर कुठेच नव्हतं. गाडीत बसल्यावर त्याने पार्किंगची पावती मागे दिली, चुरगळलेली, वर कॉफीचा गोल डाग, आणि फोनवर हिशोब दाखवला: पार्किंग, वेटिंग आणि ५ ला सोडायचा ड्रॉप ऑफ चार्ज, एकूण ४२ पौंड. म्हणजे साडेआठ हजार वेगळे आणि हे वर जवळपास पावणेपाच हजार.

ड्रॉप ऑफ चार्ज ही काय भानगड, तर टर्मिनलच्या दारात गाडी नुसती थांबवून माणूस उतरवायचे पैसे. २०२१ च्या नोव्हेंबरात ५ पौंडांनी सुरू केलं, २०२५ ला ६ केले. तिथे ना टोलनाका ना फाटक, कॅमेरा नंबर प्लेट टिपतो आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन पैसे भरायचे, विसरलं की ८० पौंडांची नोटीस घरी. तुमचा भाचा किंवा मित्र स्लाउ, हाउन्स्लो अशा जवळच्या भागातून गाडी घेऊन तुम्हाला सोडायला आला असेल तर त्याला निघतानाच आठवण करा आणि पैसे तुम्ही द्या, आपल्या लोकांना मागायला लाज वाटते. पैसे भरताना हीथ्रोची स्वतःची साईटच उघडा, सर्चमध्ये वर येणाऱ्या दुसऱ्याच साईट वर कमिशन लावतात. आणि चार्ज द्यायचाच नसेल तर लाँग स्टे पार्किंगला उतरा, तिथे ड्रॉप ऑफ फुकट आणि तिथून टर्मिनलला बसही फुकट. वेळ जातो, पण आहे फुकट.

तर ४२ पौंडांवरून गाडीत भांडण. मेव्हणा नाशिकच्या मार्केट यार्डात वाढलेला माणूस, तो गप्प बसणाऱ्यातला नाही, त्याने "पावती फक्त पार्किंगची आहे, वेटिंगची कुठंय" इथून जी सुरुवात केली ती बोगदा संपेपर्यंत चालू. मी घड्याळाकडे बघतोय, बायको माझ्याकडे बघतेय, बाहेर गाड्या मुंगीच्या वेगाने. शेवटी ३० पौंडांवर तुटलं. ड्रायव्हर बिचारा उतरवताना म्हणाला, "अगली बार ट्रेन ले लेना जी, फ्री है." हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

बॅगा घेणं बंद व्हायच्या जरा आधी काउंटरला पोचलो, पोरगं धापा टाकत. परत आल्यावर एजंटला फोन केला तर म्हणे, "साहेब कंफर्टसाठी असतं ते." त्याच्याकडून परत तिकीट काढणार नाही, विषय संपला.

आता ट्रेनने जायचं कसं ते नीट लिहितो, येताना आम्ही ५ वरून २ ला तसेच आलो आणि इतकं सोपं होतं की अजून संताप झाला. टर्मिनल २ ला कस्टम्समधून बाहेर आलात की ट्रेनच्या पाट्या पकडा, लिफ्टने खाली, मग सरकत्या पट्ट्यांचा लांब भुयारी रस्ता. बॅगा ढकलत दहा मिनिटं धरा. खाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अंडरग्राउंडची, म्हणजे लंडनच्या मेट्रोची (तिलाच ट्यूब म्हणतात), पिकॅडिली लाईन आणि दुसरं रेल्वे स्टेशन जिथे शहरात जाणाऱ्या हीथ्रो एक्सप्रेस आणि एलिझाबेथ लाईन या दोन्ही ट्रेन येतात. टर्मिनल ते टर्मिनल तिन्ही फुकट. हो, ती महागडी एक्सप्रेस पण फुकट, तेवढ्या टप्प्यापुरती. रेल्वेच्या गेटवर कार्ड टॅप करा नाहीतर मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढा.

प्लॅटफॉर्मवर एकच काळजी, तिथून ४ ची पण ट्रेन सुटते आणि ५ ची पण. बोर्डवर ५ लिहिलेलं बघूनच चढा. पिकॅडिलीचं पण तसंच, काही गाड्या ४ ला फिरून परत येतात, काही ५ ला जातात. ५ वरून ४ ला थेट ट्रेन नाहीच, २-३ ला येऊन बदलावी लागते, त्यामुळे ज्यांचं ४ आणि ५ असं कनेक्शन आहे त्यांनी अर्धा तास जास्त धरा. २ आणि ३ मात्र भुयारातून चालत जोडलेले आहेत, तिथे ट्रेनचा विचारही करू नका.

कार्डाचं महत्त्वाचं. आपल्या बँकांची कार्डं परदेशासाठी आणि कॉन्टॅक्टलेससाठी आपणहून चालू नसतात, घरून निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करा. एका कार्डावर एकच माणूस, नवऱ्याने टॅप करून तेच कार्ड मागे बायकोला दिलं असं चालत नाही. आत टॅप केलं तर बाहेर पडतानाही टॅप करायचं, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापतात. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर फुकट, त्यांना रुंद गेटमधून घ्या.

शहरात जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२५ चे दर: पिकॅडिली ५.८० पौंड, तासाभराचा रस्ता, सकाळच्या गर्दीत बॅगा घेऊन हाल. एलिझाबेथ लाईन १३.९०, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपर्यंत अर्धा तास, एसी, जागा, हीच घ्या. हीथ्रो एक्सप्रेस १५ मिनिटं पण ऐनवेळी २५ पौंडांच्या घरात, आणि नेते फक्त पॅडिंग्टनला, तिथून पुढे परत ट्यूब, म्हणजे वाचवलेला वेळ जिन्यात गेला. खूप आधी बुक केलं तर स्वस्त मिळते, बाकी पैसे वाया. चार-पाच जण आणि भरपूर सामान असेल तर कॅबचा विचार करा पण वेटिंगचा नियम लेखी मागा.

एका तिकिटावर कनेक्शन असेल तर वरचं सगळं विसरा. जांभळ्या फ्लाइट कनेक्शन्सच्या पाट्या पकडा, आतूनच फुकट बस दुसऱ्या टर्मिनलला नेते, बॅगा आपोआप पुढे जातात. पण भारतीय पासपोर्टवाल्यांना आतल्या आत विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचा वगैरे चालू व्हिसा असेल तर सहसा सूट मिळते, अटी सरकारी साईटवर वाचा. आणि आमच्यासारखी वेगळी तिकिटं असतील, बॅगा घेऊन बाहेर यायचं असेल, तर नुसत्या आतल्या ट्रान्झिटवर भागत नाही, इमिग्रेशन पार करायचा व्हिसा हवा. वेगळ्या तिकिटांना चार तासांच्या खाली ठेवूच नका, एजंट काहीही म्हणो.

टर्मिनल ५ बद्दल दोन गोष्टी. तिथे देशातले आणि परदेशी प्रवासी एकाच लाउंजमध्ये मिसळतात म्हणून एडिनबरोसारख्या देशातल्या विमानालाही तुमचा फोटो काढतात आणि गेटवर ताडून बघतात, घाबरू नका. आणि गेट ए, बी, सी असे आहेत, बी आणि सी ला जमिनीखालची छोटी ट्रेन घ्यावी लागते. गेट नंबर बोर्डवर उशिरा येतो, तोपर्यंत खुर्ची सोडू नका आणि आला की लगेच उठा, परफ्यूमच्या दुकानात शिरू नका.

टर्मिनल २ ला तर बी गेट पडलं की ट्रेनपण नाही. लांबच लांब सरकते जिने खाली, मग पट्ट्या, मग परत वर. मला पंधरा मिनिटं लागली आणि मी रोज चालणारा माणूस आहे. आईवडील बरोबर असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, निदान ४८ तास आधी, ती फुकट असते आणि टिप द्यायची गरज नाही.

फुटकळ गोष्टी. व्हॅट रिफंडचा, म्हणजे खरेदीवर भरलेला कर परत मिळण्याचा, काउंटर शोधत फिरू नका, पर्यटकांचा तो परतावा २०२१ पासून बंद आहे, तरीही आमच्यासमोर एक जोडपं बिलांचा गठ्ठा घेऊन विचारत होतं. एअरपोर्टवर रुपये-पौंड बदलणं म्हणजे स्वतःचा खिसा स्वतः कापणं. जाताना पेढे, बर्फी, तूप नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे चालत नाहीत, चकली-चिवडा न्या. वायफाय फुकट, ट्रॉली फुकट, पाणी भरायचे नळ फुकट. खायला बूट्स नावाच्या दुकानातलं सँडविच-ज्यूस-वेफर्सचं मील डील, बाकी सगळं महाग आणि बेचव. जेट स्प्रे कुठेही नाही, रिकामी बाटली जवळ ठेवा.

स्कॉटलंड मस्त होतं, पाऊस कमी लागला, त्यात विचारण्यासारखं काही नाही. एजंटकडून तिकीट काढणार असाल तर बिलात "ट्रान्सफर" शब्द दिसला की त्याला आधी विचारा, कुठून कुठे, आणि दोन्ही टोकं हीथ्रोच असतील तर ती ओळ कापायला लावा.