सिल्स मारियातील भामट्यांच्या मागावर

खूर शहरातून सुटलेली तांबडी आगगाडी आल्बुलाच्या घाटातून वळणे घेत सेंट मॉरिट्झला पोहोचली, तेव्हा दुपार कलली होती. तेथून पोस्टाच्या पिवळ्या बसने, गोठलेल्या सरोवरांच्या कडेकडेने, सुमारे १८०० मीटर उंचीवरच्या सिल्स मारियाला उतरलो. स्वित्झर्लंडमधल्या या लहानशा गावी मला ओढून आणले ते क्लोद शाब्रोल यांच्या १९९७ सालच्या ‘रियाँ न वा प्ल्यू’ या फ्रेंच चित्रपटाने. रूलेटचे चाक फिरू लागल्यावर आता डाव लावता येणार नाही, हे सांगण्यासाठी जुगारघरात जे शब्द उच्चारतात, तेच त्याचे नाव. शाब्रोल यांचा हा ५०वा चित्रपट; सान सेबास्तियनच्या महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट ठरला.

मिशेल सेरो यांचा व्हिक्टर आणि इझाबेल ह्युपेर यांची बेट्टी ही यातली भामट्यांची जोडी. त्यांचे नाते बाप-लेकीचे की प्रियकर-प्रेयसीचे, हे शाब्रोल अखेरपर्यंत उलगडत नाहीत. व्हिक्टरची शिस्त मात्र पक्की आहे : अंथरूण पाहून पाय पसरायचे, सावजाचे सगळे पैसे कधीच घ्यायचे नाहीत, म्हणजे आपण लुटले गेलो याचा त्याला संशयही येत नाही. ही शिस्त मोडते ती सिल्समध्ये, कारण तेथे बेट्टीने हेरलेल्या मॉरिस या तरुणाच्या बॅगेत ५० लाख स्विस फ्रँक असतात.

गावाच्या वर, झाडीत उभ्या असलेल्या वाल्डहाउस या १९०८ सालच्या हॉटेलात मी चहाला गेलो. दिवाणखान्यात वादक मंद सुरात वाजवत होते, आणि उंच खिडक्यांतून बर्फाचा इतका लख्ख उजेड आत येत होता की प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट दिसावा. जेथे लपायला आडोसा नाही, तेथेच शाब्रोल यांनी एकमेकांशी खोटे बोलणाऱ्या तिघांना आणून बसवले आणि भोवती दंतवैद्यांचे संमेलन भरवले, याचे मला तेथे बसल्यावर फार कौतुक वाटले. पुढे कथा कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलुप बेटावर जाते आणि हिंसक होते. तो भाग मला सिल्सइतका कधीच भावला नाही.

रात्री गावातल्या साध्या खोलीत चित्रपट पुन्हा पाहिला. आजवर मी बॅगेवरच नजर ठेवून होतो. या वेळी सेरो यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो, आणि पैसे हातचे जातील यापेक्षा बेट्टी त्या तरुणाबरोबर निघून जाईल, याचीच धास्ती त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मला दिसली.