भाड्याच्या खोलीतला कुबट वास: आधी ओल कुठून येते ते बघा

मराठवाड्यात उन्हाळाभर कूलरशिवाय भागत नाही, पण पाऊस लागला की तोच कूलर घरात ओल भरतो. हवा आधीच दमट, त्यात पाण्याचा फवारा! जूनअखेर टाकी रिकामी करा, गवताच्या ताट्या उन्हात खडखडीत वाळवा. काळ्या पडल्या असतील तर सरळ फेका, निम्मा वास तिथलाच असतो.

आता भिंत. साधारण फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूने दिसले तर दमट हवा कोंडतेय. खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा. थेंब भिंतीकडून आले तर पाणी भिंतीतच आहे. जमिनीलगत लोणा (भिंतीवर येणारा पांढरा खार) फुटून पोपडे पडत असतील तर ते खालून चढतंय, छताजवळ डाग असेल तर स्लॅब गळतोय. ही कामं घरमालकाची. तारखेसह फोटो पाठवा आणि आतून रंग मारून झाकू देऊ नका, पुढच्या पावसाळ्यात तो फुगून येतो.

बुरशीवर पांढरा व्हिनेगर पाणी न घालता फवारा, तासाभराने ओल्या फडक्याने पुसा. कोरडी कधीच झाडू नका, घरभर उडते. व्हिनेगरमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळू नका, विषारी वायू होतो.

कपाटात कळीचा चुना ठेवायचा तर डबा तिसरा हिस्साच भरा, कारण ओल शोषून तो फुगतो. पाणी पडलं तर उकळतो, म्हणून लेकरांच्या हाताला लागू देऊ नका.