मंदी आली तर सोलापुरात फ्लॅट स्वस्त होईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "मंदी येणार म्हणतात. मग जुळे सोलापुरातला फ्लॅट आत्ता घ्यावा, की भाव कोसळेपर्यंत थांबावं?" विचारणाऱ्याच्या डोक्यात २००८ ची अमेरिका असते. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मंदीत सोलापूरचे भाव सहसा कोसळत नाहीत, व्यवहार झोपतात. बोर्डावरचा रेट तोच राहतो, पण वर्ष वर्ष गिऱ्हाईक फिरकत नाही. थांबायचं असेल तर हे समजून थांबावं, नाहीतर नुसताच काळ जातो.

अमेरिकेचं आधी उरकतो, कारण तिथला क्रम लोक उलटा लावतात. घरांचे भाव तिथे २००६ पासूनच उतरायला लागले होते. मंदीची अधिकृत सुरुवात डिसेंबर २००७ ची, आणि लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली १५ सप्टेंबर २००८ ला. म्हणजे आधी घरं पडली आणि मग मंदी आली. २००१ च्या मंदीत त्याच देशात घरांचे भाव वाढतच होते, २०२० मध्येही वाढले. लोकांचं उत्पन्न घटलं एवढ्यावर भाव कोसळत नाहीत. त्यासाठी एकाच वेळी पुष्कळ जणांवर विकायची पाळी यावी लागते. तिथे ती आली, कारण पदरचा पैसा जवळजवळ न घालता कर्जं वाटली होती, पहिली दोनतीन वर्षं हप्ता कमी आणि मग एकदम जास्त होता, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात घर घेण्यासाठी काढलेलं मूळ कर्ज थकलं तर बँकेला त्या घरापलीकडे काही मागता येत नाही. घराची किंमत कर्जाखाली गेली की किल्ली टाकून निघून जाणं परवडत होतं.

आपल्याकडे किल्ली टाकायची सोय नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्याहून वर ७५ टक्के, ही रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च एरवी त्या हिशेबात धरत नाहीत, तो वेगळा खिशातून जातो. घर विकूनही कर्ज फिटलं नाही तर उरलेल्यासाठी बँक तुमच्या आणि जामीनदाराच्या मागे येते, आणि जामीनदार बहुधा मेहुणा किंवा ऑफिसातला सहकारी असतो. त्यामुळे बायकोचं सोनं गहाण पडतं, गाडी विकली जाते, पण घराचा हप्ता शेवटपर्यंत भरला जातो.

शिवाय मंदीत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, खाली येतो. २००८ च्या जुलैअखेर तो ९ टक्के होता, एप्रिल २००९ मध्ये ४.७५ झाला. मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोलाच बांधलेली आहेत, म्हणून कपात लवकर पोचते. ३० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे २६,०३५ बसतो. साडेसात टक्क्यांना तोच २४,१७० च्या आसपास येतो. पगार चालू असलेल्याला तेवढा दिलासा पुरतो आणि त्याची विकायची पाळी टळते. नोकरीच गेलेल्याला अर्थात या अठराशे रुपयांनी काही होत नाही.

मग सोलापुरात विकायची पाळी कोणावर येते? पगारदारावर क्वचित. आधी येते ती पूर्व भागातल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागवाल्यावर. टॉवेल-चादरीच्या धंद्याला बँकेची कॅश क्रेडिट (सीसी) मर्यादा, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज, लागते आणि तिला तारण म्हणून राहतं घर दिलेलं असतं. माल उधारीवर जातो. नव्वद दिवसांनी येणारे पैसे दीडशे दिवसांवर गेले की खातं मर्यादेला चिकटून बसतं, व्याजसुद्धा भरलं जात नाही, आणि नव्वद दिवस तसंच राहिलं की ते थकीत वर्गात जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांपर्यंत नेला तेव्हा टेरी टॉवेलच्या निर्यातदाराला हीच भीती होती. इथे धंद्याची मंदी थेट घराच्या कागदांपर्यंत पोचते, गृहकर्जाच्या वाटेने नव्हे. मंदीत स्वस्त घर शोधायचं तर ते इथे सापडतं.

असा माणूस बोर्ड लावत नाही, अब्रूचा प्रश्न असतो. एजंट हळूच सांगतो, "गरजू पार्टी आहे." एकरकमी पैसे देऊन महिन्याभरात खरेदीखत करणाऱ्याला साधारण दहा टक्के सुटतात, कधी जास्त. पण इथेच लोक फसतात. कागद बँकेत ठेवून केलेलं गहाण इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात, दिसेलच असं नाही. म्हणून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढताना वकिलाला दोन गोष्टी वेगळ्या पाहायला सांगा: सरसायची (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली) नोंद आणि दुय्यम निबंधकाकडची 'नोटीस ऑफ इंटिमेशन', म्हणजे अशा गहाणाची दिलेली सूचना. बोजा निघाला तर घाबरायचं कारण नाही, पैशाचा रस्ता तेवढा बदलायचा. बँकेकडून येणे बाकीचं लेखी पत्र घ्या, त्यात सगळ्या कर्जखात्यांचा आकडा हवा. एकच घर मुदत कर्जालाही आणि सीसीलाही तारण असतं, आणि विकणारा एकाचाच आकडा सांगतो. बँकेच्या येणे रकमेचा धनादेश थेट बँकेच्या नावाने काढा, विकणाऱ्याच्या हातात इसार नावापुरता द्या, आणि साठेखत नोंदवूनच करा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. तो बँकेत जाऊन नम्रपणे सांगितला की फाइल लवकर सापडते.

पुढची पायरी म्हणजे वर्तमानपत्रातली लिलावाची जाहीर नोटीस. ती बारकाईने वाचायला शिका. वरच्या बाजूला सरफेसी कायदा २००२ चा उल्लेख असतो, थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टात न जाता विकू देणारा तो कायदा. साठ दिवसांची मागणी नोटीस होऊन गेलेली असते. मग ताबा, मग विक्रीची नोटीस. खाली राखीव किंमत आणि तिच्या साधारण दहा टक्के बयाणा. बोली तुमच्यावर सुटली की त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के भरावे लागतात आणि उरलेले पंधरा दिवसांत. तेवढ्यात गृहकर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणाऱ्यांचा बयाणा बुडतो. नोटिशीतला सर्वांत महाग शब्द आहे 'प्रतीकात्मक ताबा'. याचा अर्थ दारावर कागद चिकटवला आहे आणि आत माणसं राहतात. त्यांना काढायला जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कारवाई, त्यात डीआरटीतला (कर्जवसुली न्यायाधिकरणातला) अर्ज, असं वर्ष सहज जातं. 'प्रत्यक्ष ताबा' लिहिलेलं असेल तरच विचार करा. आणि 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे' म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि सोसायटीची थकबाकी तुमच्या गळ्यात. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हा कायदाच लागू नाही, तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला असतो आणि सगळा मार्ग वेगळा.

गुंतवणूक म्हणून घेतलेल्या प्लॉटचं अगदी निराळं आहे. विमानतळाची बातमी आली की होटगी रोडला, रस्त्याची बातमी आली की अक्कलकोटच्या बाजूला गुंठ्याचा भाव चढतो. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, घेणारा बहुतेक स्वतःच्या पैशाने घेतो, ऊस बिल किंवा फंडाच्या रकमेतून. कर्ज नसल्याने हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून विकायची घाईही नाही. सांगायला "पंधरा लाख गुंठा", घ्यायला कोणी नाही. हा बोलीचा भाव. झालेला भाव पाहायचा तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गटातले गेल्या दोन वर्षांचे इंडेक्स टू काढा. दस्तात रोखीचा भाग दिसत नाही हे खरं, पण वर्षात व्यवहार किती झाले हे दिसतं, आणि मंदी त्या आकड्यात आधी कळते. तीन वर्षांत दोनच दस्त असतील तर त्या प्लॉटला भाव आहे असं मी म्हणणार नाही.

भाव वरचेवर खाली यायला आणखी एक अडसर आहे, तो सरकारी. रेडी रेकनर, म्हणजे स्टॅम्प ड्युटीसाठी सरकारने ठरवलेले जागांचे दर. २०२५-२६ साठी राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली, तेव्हा सोलापूर महापालिका हद्दीत १०.१७ टक्के झाली, राज्यातल्या महापालिकांत सर्वांत जास्त. आता धरा, फ्लॅटचं रेकनर मूल्य ४० लाख आणि मंदीमुळे सौदा ३४ लाखांना ठरला. स्टॅम्प ड्युटी ४० लाखांवरच लागते. शिवाय फरक दहा टक्क्यांच्या वर असल्याने ते सहा लाख घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो, आणि विकणाऱ्याचा भांडवली नफाही ४० लाखांवरून मोजतात. दोघंही मग म्हणतात, राहू दे. भाव उतरायच्या ऐवजी सौदा मोडतो.

बिल्डरही रेट उतरवत नाही. उतरवला तर आधी घेतलेले वीस जण दारात उभे राहतात आणि बँकेचं मूल्यांकन खाली येतं. तो सवलत दुसऱ्या खिशातून देतो. ३८ लाखांच्या फ्लॅटला महापालिका हद्दीत सहा टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे २,२८,०००, नोंदणी ३०,०००, आणि बांधकाम चालू असलेल्या, ९० चौरस मीटर कार्पेटच्या आतल्या फ्लॅटला एक टक्का जीएसटी म्हणजे ३८,०००. हे सगळं "आमच्याकडून" झालं की २,९६,००० सुटले. वर पार्किंगचे लाखभरही माफ केले तर एकूण दहा टक्के, आणि बोर्डावरचा रेट जसाच्या तसा. (दस्त पत्नीच्या एकटीच्या नावावर केला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का एरवीही वाचतो, त्याचं श्रेय बिल्डरला देऊ नका.) हे मागायची वेळ म्हणजे मार्चअखेर, आणि स्लॅब पडून पुढचं काम रेंगाळलेलं असताना. मात्र बांधकाम फार रेंगाळलं असेल तर सवलत घेऊच नका. आठपेक्षा जास्त फ्लॅटची आणि ५०० चौरस मीटरवरच्या जागेतली योजना महारेरात (राज्याच्या बांधकाम नियामकाकडे) नोंदलेली असते, तिथे पूर्णत्वाची तारीख कितीदा पुढे ढकलली ते दिसतं. सोलापुरात आठ फ्लॅटच्या छोट्या इमारती खूप, त्या या जाळ्यातून सुटतात. तिथे भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आता थांबण्याचा हिशेब. तोच ३८ लाखांचा फ्लॅट भाड्याने नऊ-दहा हजारांत मिळतो. ३० लाखांच्या कर्जाचा हप्ता २६,०००. म्हणजे थांबणाऱ्याचे महिन्याला सोळा हजार बाजूला पडू शकतात, पडू दिले तर. "भाडं म्हणजे पैसे पाण्यात" हे निदान सोलापूरच्या भाड्यांना लागू नाही. आणि भाव पाच वर्षं ३८ लाखांवरच झोपला, महागाई पाच टक्के राहिली, तर आजच्या पैशात तो फ्लॅट तीस लाखांच्या आत आलेला असतो. कोसळणं ज्याला म्हणतात ते आपल्याकडे असं होतं, आवाज न करता. म्हणून गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला मी थांबा म्हणेन. राहायला घेणाऱ्याने मंदीपेक्षा आपला पगार कुठून येतो ते पाहावं. जुळे सोलापुरातल्या बऱ्याच फ्लॅटचा हप्ता पुण्यात कमावणारी मुलं भरतात. आईवडील इथे, पगार हिंजवडीतला. आयटीत कपात झाली की चादरीच्या मंदीपेक्षा त्या भागाला जास्त झळ लागेल. सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे दीड लाखाच्या वर, मुदत ठेवीत वेगळे असतील तरच सही करा.

आणि जागा बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळीच स्कीम भरलेली वाटते. आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री साडेआठला जा, किती खिडक्यांत दिवे आहेत मोजा. मग खाली मीटरच्या खोलीत जा. बिल्डर "तीनच उरलेत" म्हणत असेल आणि चोवीस मीटरपैकी अकराच फिरत असतील, तर बाकीचे तेरा फ्लॅट एकतर विकलेले नाहीत किंवा गुंतवणूकवाल्यांकडे पडून आहेत, आणि मंदीत तेच आधी बाजारात येतील. जाता जाता वॉचमनला विचारा, पाणी किती दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात टँकर किती लागले. रेटवर घासाघीस करताना हे दोन आकडे फार उपयोगी पडतात.