प्लग लावण्याआधी

"आत्ता वीज द्यायची नाही," असे म्हणत शेजारच्या वयस्कर शेतकऱ्यांनी हीटरची वायर बाजूला ठेवली आणि आधी इंजिन चालू केले.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्यांच्या शेडमध्ये आज आम्ही जुन्या मॅसी फर्ग्युसन १३५ ट्रॅक्टरला कूलंट हीटर बसवत होतो; कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करण्याआधी त्यात फिरणारे द्रव, म्हणजे कूलंट, तो विजेवर तापवतो. हीटरची एक नळी इंजिनच्या ब्लॉकच्या तळाशी जोडली आणि तापलेले कूलंट आपोआप वर चढावे म्हणून दुसरी नळी कुठेही बाक न येऊ देता उंचावर नेली. पंप नसल्यामुळे सारे काम त्या चढावरच चालते.

आधी इंजिन चालवण्याचा त्यांचा आग्रह होता तो नळ्यांत अडकलेली हवा निघून जावी यासाठी. हीटरमधला तापणारा भाग, म्हणजे एलिमेंट, कोरडा तापला तर जळतो, म्हणून थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवायचे, थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहायची आणि मगच प्लग लावायचा. हीटरसोबतच्या कागदावर सूचना होती, कारण नव्हते.

उणे ३० अंशांत थंड लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेते आणि डिझेल पेटत नाही, हेही त्यांनीच शांतपणे समजावले. कारण सांगून शिकवणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या गॅरेजमधल्या शिकाऊ मुलांना अशी कारणे कोणी सांगते का?