नारळाचं सुटलं, बर्फाचं राहिलं

"पाणीवालं पाहिजे का मलईवालं?" शहाळेवाल्याच्या या प्रश्नात नारळाचं अर्धं जीवशास्त्र येऊन जातं. अगदी कोवळ्या नारळात नुसतं पाणी असतं. त्यात सुट्टी पेशीकेंद्रं तरंगत असतात. हळूहळू त्यांच्या पेशी होऊन कवटीला आतून थर धरतात. ती मलई, आणि जून झाली की खोबरं. किनाऱ्यावरच्या खारट वाळूत पडलेल्या नारळाला रुजताना गोडं पाणी कोण देणार? म्हणून झाडाने बांधून दिलेली ही शिदोरी. आपण मधल्या मध्ये त्यात स्ट्रॉ खुपसतो, एवढंच.

'देवाची करणी आणि नारळात पाणी' ही म्हण डार्विननंतर जरा अडचणीत आली ती यामुळे. ज्यांची शिदोरी पुरली ते नारळ रुजले, बाकीचे वाळून गेले. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं की झालं. वर कुणी आराखडा घेऊन बसायला नको.

माझी पंचाईत होते ती कोकम सरबतात बर्फ टाकल्यावर. बर्फ तरंगतो. यात काय विशेष, असं वाटत असेल तर पातळ तुपात थिजल्या तुपाचा गोळा टाकून बघा, तळाला जातो. बहुतेक पदार्थांचं असंच. पाणी मात्र गार होताना ४ अंशांपर्यंत जड होत जातं आणि तिथून उलटं फिरतं. बर्फ होताना तर सुमारे ९ टक्के फुगतं. त्यामुळे थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात, खाली पाणी राहतं आणि मासे हिवाळा काढतात. आता इथे डार्विन काय करणार? पाण्याला आईबाप नाहीत, वाणं नाहीत. दहा प्रकारची पाणी होती आणि त्यातलं बुडऱ्या बर्फाचं पाणी मागे पडलं, असं काही झालेलं नाही.

इंग्लंडचे विज्ञानाचे तत्त्वज्ञ विल्यम ह्यूएल यांना १८३३ साली यात सरळ निर्मात्याची योजना दिसली. हार्वर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन्स हेंडरसन १९१३ साली जास्त जपून बोलले: सजीव परिस्थितीला जुळवून घेतात हे खरं, पण परिस्थितीही सजीवांना विलक्षण जुळलेली आहे.

वाचताना मान डोलते. मग आठवतं की बिस्मथ हा धातू आणि सिलिकॉनही गोठताना फुगतात. ते कुणाच्या सोयीसाठी? आपल्या उजनीतल्या चिलापीलाही या सोयीचा काडीचा उपयोग नाही. तिचं धरण कधी गोठतच नाही. उलट थंड देशांत घरोघरचे नळ फुटतात ते याच गुणामुळे. शिवाय तरंगता पांढरा बर्फ ऊन परतवतो आणि गारठा वाढवतो. सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ सगळी पृथ्वी अशी बर्फाखाली गेली होती, असं बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं मत आहे.

आता गंमत अशी, की त्या बर्फाखाली जीव तगले तेही तो तरंगत होता म्हणूनच. म्हणजे योजनेविरुद्ध उभा केलेला साक्षीदार ऐन वेळी फितूर. तरी माझा कौल योगायोगालाच. बिस्मथच्या फुगण्याने आजवर एकही मासा वाचलेला नाही.