जुन्या सर्व्हरमध्ये एनव्हीएमई कार्ड: नवतप्याआधी काम कुठवर आलं

नवतपा, म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आत हे काम चाललं आहे: घरच्या जुन्या सर्व्हरांत एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटातून चालणारी वेगवान एसएसडी, कार्डावर लावून बसवणं. दोन मशीन आहेत. एक म्हणजे क्यू७७ चिपसेटचा जुना ऑफिस टॉवर, आय५-३४७० आणि १६ जीबी रॅमवाला. दुसरा एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन८, सेलेरॉन जी१६१०टी. दोन्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, टिनाच्या खोलीत. टॉवरवर फोटो, सातबारा आणि पीकविम्याच्या कागदांचे स्कॅन, चार-पाच कंटेनर (आपापल्या डब्यात वेगळी चालणारी सॉफ्टवेअरं). मायक्रोसर्व्हरवर किविक्समधून ऑफलाइन विकिपीडिया, म्हणजे रेंज गेली तरी अभ्यास थांबत नाही. जागेची अडचण दोन्हीकडे नव्हती. अडचण होती ती बारीकसारीक वाचनाची. ७२०० आरपीएमची हार्डडिस्क विखुरलेली छोटी वाचनं सेकंदाला साधारण ७५ ते १०० इतकीच करते. फोटोंची लघुचित्रं आणि डेटाबेस एकदम मागितले की सगळं तिथेच अडतं.

आधी लेनचा, म्हणजे स्लॉटातल्या डेटाच्या वाटांचा, हिशेब, कारण कार्ड कोणत्या स्लॉटात जाणार ते त्यावरच ठरतं. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन ५०० एमबी प्रतिसेकंद, चार लेन म्हणजे कागदावर २०००, हातात येतात १६०० ते १७००. ३.० ची लेन ९८५ च्या आसपास, चार लेनवर चांगला ड्राइव्ह ३५०० पर्यंत जातो. क्यू७७ वर प्रोसेसरचा एक्स१६ (सोळा लेनचा) स्लॉट ३.० ने चालतो, पण प्रोसेसर तसा हवा. आय५-३४७० वर मिळतो, आय५-२४०० वर तोच स्लॉट २.० होतो. आय३-३२२० तिसऱ्या पिढीचा असूनही २.० वरच थांबतो, हे विकत घेताना सुटून जातं. दुसरा लांब स्लॉट दिसायला एक्स१६, आत मात्र चारच लेन, त्याही चिपसेटकडून २.० च्या. शिवाय चिपसेट आणि प्रोसेसरमधला डीएमआय २.० हा दुवा स्वतःच साधारण २ जीबी प्रतिसेकंदाचा. साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) डिस्क, नेटवर्क आणि हे कार्ड त्यातूनच ये-जा करतात.

तरी कार्ड त्या दुसऱ्या स्लॉटातच बसवलं आहे. गीगाबिट नेटवर्कवरून फाइल ११० ते ११८ एमबीच्या पुढे जात नाही, मग १६०० आणि ३५०० यातला फरक घरात कोणाला दिसणार? दिसतो तो वाट पाहण्यातला फरक, आणि तो २.० वरही पुरता मिळतो. प्रोसेसरजवळचा स्लॉट रिकामा राहिला की कार्डला गरम हवा कमी लागते. आमच्या भागात हे कारण वेगाच्या कारणापेक्षा मोठं आहे. एक्स१ स्लॉटात मात्र टाकू नये. तिथे ४०० एमबीच्या आसपास मिळतात, मग साधी साटा एसएसडी काय वाईट?

कार्ड आणि ड्राइव्ह

साधं एम.२ (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचं) कार्ड म्हणजे नुसत्या तारा, चिप नसते. काही शे रुपयांत मिळतं आणि तेच घ्यावं. त्यात एनव्हीएमईच चालतो, म्हणजे एम खाचेचा. दोन खाचा असलेला, बी+एम, बहुतेक वेळा साटा निघतो. तो या कार्डात बसतो आणि दिसत मात्र नाही. ‘कार्ड खराब निघालं’ म्हणून परत जाणाऱ्या कार्डांचं कारण बऱ्याचदा हेच असतं. दोन ड्राइव्हचं कार्ड घ्यायचा मोह होतो. तिथे स्लॉटच्या लेन फोडून द्याव्या लागतात, म्हणजे बायफर्केशन लागतं. या काळातल्या ऑफिस बोर्डांच्या बायोसमध्ये तो पर्याय नसतो, त्यामुळे दोनपैकी एकच ड्राइव्ह दिसतो. स्वतःची स्विच चिप असलेलं कार्ड चालतं, पण ते महाग आणि गरम.

स्लॉटच्या ३.३ व्होल्ट पिनांवरून ३ अँपिअर, म्हणजे ९.९ वॅट मिळतात. घरगुती ड्राइव्हला ते पुरतात.

कोणता ड्राइव्ह, यावर सगळ्यात जास्त विचार केला. क्यूएलसीचा (एका पेशीत चार बिट साठवणारा) ड्राइव्ह मोठी कॉपी सुरू असताना एसएलसी कॅश, म्हणजे लिहिण्याची वेगवान तात्पुरती जागा, संपली की हार्डडिस्कसारखा रांगतो, आणि लिहिण्याची हमीही कमी असते. १ टीबीचा क्रुशियल पी३ घेतला तर २२० टीबीडब्ल्यू (एकूण इतके टेराबाइट लिहिण्याची हमी), त्याच मापाचा डब्ल्यूडी ब्लू एसएन५७० किंवा सॅमसंग ९७० इव्हो प्लस घेतला तर ६००. डीरॅम (स्वतःची मेमरी) नसलेला ड्राइव्ह जुन्या बोर्डवर चालत नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. त्याऐवजी मशीनच्याच रॅमचा थोडा भाग ड्राइव्हला देणं, म्हणजे होस्ट मेमरी बफर, हे ड्रायव्हरचं काम आहे, आताच्या लिनक्सवर २०१२ च्या बोर्डातही तो मिळतो.

खरा प्रश्न लाइन जाण्याचा. घरगुती ड्राइव्हमध्ये वीज गेल्यावर कॅश रिकामी करायला कपॅसिटर नसतात. म्हणून दर वेळी लाइन गेली की डेटा जातोच असं नाही, फ्लश झालेलं, म्हणजे पक्कं लिहून झालेलं, जर्नल (बदलांची नोंदवही) शाबूत राहतं. पण डेटाबेस प्रत्येक नोंदीला फ्लश मागतो आणि तो फ्लश थेट फ्लॅशवर लिहीपर्यंत थांबतो. कपॅसिटरवाल्या ड्राइव्हवर हीच कामं कित्येक पट लवकर होतात. सॅमसंग पीएम९८३ सारखा सर्व्हरमधून निघालेला ड्राइव्ह मिळाला तर टॉवरसाठी तोच घ्यावा. दोन गोष्टी बघूनच: तो २२११० मापाचा, म्हणजे ११० मिमी लांब असतो, आणि बहुतेक स्वस्त कार्डांची भोकं ८० ला संपतात. शिवाय तो घरगुती ड्राइव्हपेक्षा जास्त वीज पितो आणि जास्त तापतो. मायक्रोसर्व्हरवर नुसतं वाचन आहे, तिथे साधा टीएलसी (पेशीत तीन बिटवाला) पुरे.

बसवताना

कॅबिनेट उघडण्याआधी वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. खेड्यातल्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. चालू मशीनच्या पत्र्याला हात लावून झिणझिण्या येत असतील, तर आधी अर्थिंगचा खड्डा नीट करा, कार्ड नंतर.

ड्राइव्ह साधारण ३० अंशांत तिरपा धरून खाचेत सरकवा. सोनेरी पट्ट्या जवळजवळ पूर्ण आत गेल्या की तो आपोआप त्या तिरकसपणात थांबतो. अर्धवट गेला तर लगेच खाली पडतो. मग हलकेच दाबून २ मिमीचा स्क्रू लावा, चिमटीच्या जोरापेक्षा जास्त नको. स्वस्त कार्डांत कधी पितळी उंचवटा बुटका असतो, ड्राइव्ह मधून धनुष्यासारखा वाकतो. तसं दिसलं तर कागदी वॉशर घाला, वाकलेला ड्राइव्ह तापल्यावर टाका सोडतो. थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंची फिल्म काढली का, हे प्रकाशात धरून बघा. एका बाजूची पारदर्शक असते आणि तीच राहून जाते. दोन्ही बाजूंनी चिप असलेल्या ड्राइव्हला मागेही पॅड हवा. ड्राइव्हवरचं लेबल काढू नका, वॉरंटी त्यावर असते.

मायक्रोसर्व्हरमध्ये स्लॉट एकच, तोही बुटका, त्यामुळे छोटी ब्रॅकेट आलीच पाहिजे. प्रोसेसर कोणताही टाकला तरी तो स्लॉट २.० राहतो.

सुरू झाल्यावर पहिलं काम एलएसपीसीआयचं, म्हणजे जोडलेली कार्डं दाखवणाऱ्या लिनक्स आदेशाचं. ‘-व्हीव्ही’ लावून लिंक कॅप आणि लिंक स्टेटस या दोन ओळी बघा. टॉवरच्या या स्लॉटवर ५ जीटी (२.० चा वेग) आणि एक्स४ दिसलं पाहिजे. ड्राइव्ह ८ किंवा १६ चा असल्यामुळे शेजारी ‘डाउनग्रेडेड’ लिहून येतं, वेगाबाबत ते बरोबरच आहे. रुंदी एक्स२ किंवा एक्स१ आली तर मात्र कार्ड नीट बसलेलं नाही. काढा, बोटं लागलेल्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉटात ब्लोअर मारा आणि पुन्हा बसवा. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘करेक्टेड एरर’ची रांग लागली असेल तरी इलाज हाच.

बूट

दोन्ही मशीनचं बायोस एनव्हीएमईवरून बूट करत नाही. क्यू७७ च्या बायोसमध्ये ड्रायव्हरचा तुकडा घालून परत लिहिता येतो, आणि काही जण ते यशस्वीपणे करतात. पण अर्ध्यात लाइन गेली तर बोर्ड गेला. आमच्या मते इथे तो धोका घेण्यात अर्थ नाही. मायक्रोसर्व्हर जेन८ मध्ये तर यूईएफआयच (बायोसची नवी पद्धत) नाही.

सोपा मार्ग: ग्रब (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि ‘/बूट’ वेगळ्या साधनावर, बाकी सगळी रूट (मूळ फाइलसिस्टीम) एनव्हीएमईवर. टॉवरमध्ये जुनी १२० जीबीची साटा एसएसडी आहे, मायक्रोसर्व्हरच्या आतल्या यूएसबीत पेनड्राइव्ह. ‘/बूट’ला १ जीबी पुरतो. बायोस ग्रब उचलतं, ग्रब कर्नल उचलतो, आणि कर्नलला एनव्हीएमई ओळखता येतो, ३.३ पासून ड्रायव्हर त्यातच आहे.

यात दोन ठिकाणी गाडं अडतं. डेबियन लिनक्समध्ये इनिटरॅमएफएसच्या (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांच्या प्रतिमेच्या) सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ असली तर एनव्हीएमईचा ड्रायव्हर आपसूक येतो. ती ‘डेप’ असेल आणि प्रतिमा रूट हार्डडिस्कवर असताना बनली असेल, तर ड्रायव्हर आत नसतो, आणि मशीन इनिटरॅमएफएसच्या ओळीवर थांबून राहतं. रूट हलवण्याआधी ‘मोस्ट’ करा आणि प्रतिमा पुन्हा बनवा. दुसरं जास्त लबाड आहे. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) ‘/बूट’ची नोंद यूयूआयडीने, म्हणजे कायमच्या ओळख क्रमांकाने, नसली आणि तो माउंट झाला नाही, तर नवा कर्नल एनव्हीएमईवरच्या रिकाम्या ‘/बूट’ फोल्डरात जातो. मशीन मात्र पेनड्राइव्हवरच्या जुन्या कर्नलने सुरू होत राहतं. काही अपडेटनंतर जुन्या कर्नलची मॉड्यूल्स साफ होतात आणि एके दिवशी नेटवर्क कार्डच दिसत नाही. अपडेटनंतर ‘/बूट’ माउंट आहे ना, एवढं बघायची सवय लावा. पेनड्राइव्हची जशीच्या तशी दुसरी प्रत काढून कॅबिनेटच्या आत चिकटवून ठेवली आहे.

काही ड्राइव्ह निवांत असताना झोपतात आणि उठत नाहीत, नोंदीत ‘कंट्रोलर इज डाउन’ येतं. तेव्हा कर्नलच्या ओळीत ‘एनव्हीएमई_कोर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=०’ घाला. वीज किंचित जास्त जाते, एवढंच.

काय कुठे ठेवलं

डेटाबेस, लघुचित्रं, कंटेनर आणि किविक्सची फाइल एसएसडीवर. मूळ फोटो आणि व्हिडिओ हार्डडिस्कवरच. एनव्हीएमई एकटाच आहे, जोडीला आरसा (हुबेहूब दुसरा ड्राइव्ह) नाही, म्हणून रोज रात्री डेटाबेसची प्रत हार्डडिस्कवर जाते. झेडएफएस ही फाइलसिस्टीम वापरणाऱ्यांनी एकट्या ड्राइव्हवर ‘स्पेशल’ (फाइलींच्या नोंदींचा) भाग बनवू नये. तो गेला की अख्खा पूल (सगळ्या डिस्कचा एकत्र साठा) जातो. वाचनाची कॅश गेली तर काही बिघडत नाही, पण १६ जीबी रॅमवर तिचा उपयोगही थोडाच. १० टक्के जागा विभाजन न करता सोडली आहे आणि एफएसट्रिमचा (मोकळी झालेली जागा ड्राइव्हला कळवणारा) आठवडी टायमर सुरू आहे.

लाइन

स्मार्टसीटीएलमध्ये (ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या आदेशात) ‘अनसेफ शटडाउन्स’ हा आकडा बघा. इन्व्हर्टर असूनही तो वाढत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण बघा. इको मोडवर लाइनवरून बॅटरीवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो, आणि पीसीचं एसएमपीएस (पॉवर सप्लाय) पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतं. यूपीएस मोडवर टाका. संध्याकाळी थ्री फेज आली की शिवारातले ऑटो लावलेले पंप एकदम उठतात आणि व्होल्टेज खाली बसतं. त्यासाठी इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर.

इन्व्हर्टर सर्व्हरला ‘लाइन गेली’ असं सांगत नाही. त्यासाठी एक जुना राउटर थेट लाइनवर लावून केबलने स्विचला जोडला आहे. सर्व्हर दर मिनिटाला त्याला पिंग करतो. सलग १५ वेळा उत्तर आलं नाही की नीट बंद होतो. इन्व्हर्टरमुळे सर्व्हरची वीज गेलेलीच नसते, म्हणून ‘वीज आल्यावर सुरू हो’ हे बायोसचं सेटिंग इथे काम देत नाही. टॉवर सकाळी ६ ला घड्याळाच्या सेटिंगने उठतो.

ताप

घरगुती एनव्हीएमईची कामाची मर्यादा साधारण ७० अंशांपर्यंत लिहिलेली असते. टिनाखालची खोली मे महिन्यात ४२ च्या पुढे, कॅबिनेटच्या आत आणखी ८-१०. उरतं किती ते दिसतंच आहे. म्हणून कार्डावर ॲल्युमिनियमची पन्हाळी, आणि समोरच्या जाळीवर ८० मिमीचा पंखा केबल टायने बांधून थेट कार्डाकडे वळवलेला. ‘वॉर्निंग टेम्परेचर टाइम’ हा आकडा मिनिटांत असतो, तो शून्यावरून हलला की हवा कमी पडते आहे असं समजा. कूलरचा झोत सरळ मशीनवर घेऊ नका. बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर येतात आणि पट्ट्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर बसतो.

दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो, तेव्हा रुई सगळीकडे. ती पन्हाळीच्या फटींत नमद्यासारखी बसते. समोरच्या जाळीला जुन्या नायलॉन साडीचा एक पदर लावला तर बरीच रुई बाहेर थांबते. दर पंधरवड्याला तो झटकायचा. कापसाच्या गंजीच्या खोलीत मशीन मुळीच ठेवू नका.

बंद करून ठेवलेल्या एसएसडीलाही ऊन सोसत नाही. जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती ड्राइव्हचं आयुष्य संपत आल्यावर, वीज न देता, ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकावा अशी अट आहे. टिनाखाली ३० अंश कुठून आणणार? कपाटात ठेवायची प्रत हार्डडिस्कवरच काढा.

पुढचं काम: टॉवरच्या एक्स१ स्लॉटात २.५ गीगाबिटचं कार्ड, त्या एका लेनला ते सहज पेलतं. ते नवतपा संपल्यावर. तोवर तापमान दर पाच मिनिटांनी फाइलमध्ये नोंदवणं सुरू आहे.