तुम्ही विचारलंत म्हणून: कैद्याच्या गोळीचे पैसे

दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी मी आमच्या आमदारांना एक पत्र लिहिते. तुरुंगातल्या दवाखान्यासाठी, त्यातही मानसिक उपचारांसाठी, जास्त पैसे ठेवा, एवढंच त्यात असतं. गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजारात ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे भाजी घेताना, देवळात, चवथीला माटोळीखाली बसल्यावर कोणी ना कोणी विचारतंच, "सिस्टर, आम्ही काही गुन्हा न करता गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) सकाळपासून रांग लावायची, आणि गुन्हेगारांना डॉक्टर जाग्यावर? आमचा पैसा त्यांच्यावर का?"

ती रांग मी एकतीस वर्षं पलीकडच्या बाजूने पाहिली आहे. मानसोपचार वॉर्डात नर्स होते. रांग लावणाऱ्याचा राग खरा असतो, तो मी कधी खोडून काढत नाही. पण तुम्हाला रांग लावता येते. गोमेकॉत नंबर लागला नाही तर म्हापशाला जाता, तिथेही नाही तर फार्मसीतून निदान तापाची गोळी आणता. कोलवाळच्या तुरुंगात भिंतीआड असलेल्याला ती गोळीही मागावी लागते आणि मिळेपर्यंत थांबावं लागतं. आपण त्याला कुलूप लावलं, तेव्हाच त्याच्या औषधाची जबाबदारी आपल्या अंगावर आली. संविधानाचं कलम 21 जगण्याचा हक्क देताना कैद्याला वगळत नाही.

आणि 'गुन्हेगार' म्हणताना जरा थांबा. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशाच्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी होती. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. त्याच वर्षी तुरुंगांत 119 जणांनी आत्महत्या केली. आत गेल्यानंतरचे पहिले काही दिवस यासाठी सगळ्यांत धोक्याचे असतात.

त्या पहिल्या दिवसांबद्दलच मला बोलायचं आहे.

माझ्या वॉर्डात एकदा पोलीस एका चाळिशीतल्या माणसाला घेऊन आले. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा. 2012 ला खाणी बंद पडल्यावर ट्रक दारात उभा राहिला आणि दारू सकाळपासून सुरू झाली. मारामारीत पकडला गेला, हमीदार मिळाला नाही म्हणून आत गेला. तिसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा अंगावरच्या चादरीवरून किडे वेचत होता. किडे नव्हतेच. हात थरथरत होते, अंग घामाने भिजलेलं, नाडी धावत होती. बरोबरच्या शिपायाने मला बाजूला घेऊन विचारलं, "नाटक करतोय की भूतबाधा आहे?" तो शिपाई वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दिवशी हात कापायला लागतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत हे असं भ्रमिष्टपण येतं. उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो. उपचार म्हणजे काय, तर हळूहळू कमी करत न्यायच्या शामक गोळ्या, थायमिनचं (बी-1 जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन, पाणी आणि जवळ बसून लक्ष ठेवणारं माणूस. यांतलं कुठलंही औषध महाग नाही. पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि त्याने मला विचारलं, "आज वार कुठला?"

गोव्यात दारूची सवय काही थोड्या घरांत नाही. तुरुंगाच्या दारात आत येणाऱ्या प्रत्येकाला "शेवटची कधी प्यालात? रोज कुठली गोळी घेता?" असं विचारणारी एक प्रशिक्षित नर्स रात्रीसुद्धा असली, तर कितीतरी जण वेळीच हाती लागतील. फिटची गोळी, सिझोफ्रेनियाची गोळी, मधुमेहाचं इन्सुलिन, यांत खंड पडला की आजार थांबून राहत नाही. आमच्या वॉर्डात आम्ही नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो: डोस चुकू द्यायचा नाही. खर्च लागतो तो हे काम करणाऱ्या माणसांच्या पगारावर. मग गाडी आणि पहारा. तज्ज्ञाकडे न्यायचं तर कैद्याबरोबर पोलीस लागतात, आणि पोलीस दुसऱ्या बंदोबस्ताला गेले की तपासणीची तारीख पुढे जाते. हे मी वॉर्डात बसून पुष्कळदा पाहिलं. केसपेपर तयार असायचा, रुग्ण यायचा नाही. व्हिडिओवर डॉक्टर दाखवले की यातलं काही भागतं, पण नाडी आणि थरथरता हात बघायला कोणीतरी तिथे हवंच.

कायद्याने हे सांगितलेलंच आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 103 प्रमाणे प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक उपचारांचं केंद्र हवं. तुरुंगातल्या डॉक्टरांना मानसिक आजारांचं प्राथमिक प्रशिक्षण द्यायचं, हेही त्याच कायद्यात आहे. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय, म्हणून पैसा पर्वरीच्या विधानसभेतच मंजूर व्हायला हवा. म्हणून माझं पत्र आमदारांना जातं.

हाच प्रश्न एकदा माझ्या घरी येऊन एका बाईने विचारला. तिच्या भावाचा खून झाला होता. आरोपी तुरुंगात आणि मानसिक आजारी. "त्याला तुम्ही औषध द्यायला सांगता?" एवढंच ती म्हणाली. तिच्यासमोर कलम 21 काढायची मला लाज वाटली. मी तिला चहा दिला आणि खटला कुठे अडलाय ते विचारलं. तो अडलाच होता. आरोपी मनाने इतका आजारी असेल की त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही, तर कोर्ट सुनावणी पुढे ढकलतं. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्याला उपचार मिळेपर्यंत तिचा न्यायही थांबतो. हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो बरा झाला तरच मला उत्तर मिळणार." मी हो म्हटलं. तिचं दुःख त्याने हलकं झालं, असं मी म्हणणार नाही.

यंदाच्या पत्रात चार मागण्या आहेत. दारात रात्रंदिवस नर्स. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि रोज समुपदेशक. फक्त दवाखान्यासाठी राखून ठेवलेली गाडी आणि पहारा. चौथी मी या वर्षी नव्याने घातली. जामिनाचा आदेश पुष्कळदा संध्याकाळी पोचतो, माणूस पिशवी घेऊन बाहेर पडतो आणि मिळेल ती बस पकडतो. त्या पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या असाव्यात, आणि त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी.